किल्ली एकाच कुलुपाची

(काष्टी येथे केंद्रांवरील कार्यकर्ते, शिक्षक आणि वसतिगृह-प्रमुख यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या विषयापुढं नुसतं ‘संगणक’ एवढंच छापलंय. विषय त्याहून लहान आहे. आपल्या केंद्रांतले संगणक एकमेकांना जोडलेले आहेत, मधे एक सर्व्हर आहे, आणि तुम्ही सगळे त्यावर आपापल्या साध्या लॉगिननं बसता. साधं म्हणजे मर्यादित. त्या लॉगिननं पत्र लिहिता येतं, स्कॅन करता येतं, प्रिंट काढता येते. नवीन प्रोग्रॅम टाकता येत नाही, दुसऱ्याची फाईल उघडता येत नाही. अशा लॉगिनला सीडी किंवा डीव्हीडी राईट करता यावी का, आणि यायची असेल तर ती परवानगी नेमकी कशी द्यायची, एवढंच मला बोलायचं आहे.

हा विषय निघाला कसा, ते सांगते. पेन ड्राईव्हमधून व्हायरस येतात म्हणून आपण सगळ्या केंद्रांवर पेन ड्राईव्ह बंद करायचं ठरवलं. निर्णय योग्यच होता, आजही योग्य आहे. पण ज्या माणसानं सर्व्हर बसवून दिला, त्यानं ‘बाहेरची सगळी साधनं बंद’ असा एकच सरसकट नियम लावला. त्या नियमात पेन ड्राईव्ह जातो, मेमरी कार्ड जातं, आणि बिचारा डीव्हीडी रायटरही जातो. ट्रे बाहेर येतो, दिवा लागतो, रिकामी डिस्क आत जाते, आणि पडद्यावर उत्तर येतं की तुम्हाला परवानगी नाही.

आता याचं काय बिघडलं? हल्ली सीडी वापरतं कोण? असं इथं बसलेल्या तरुण मुलांच्या मनात आलं असेल. त्यांच्यासाठी एका मुलीची गोष्ट सांगते. नाव आणि गाव सांगत नाही, कारण ती आपल्यातलीच आहे.

पारधी कुटुंबातली मुलगी, नर्सिंगच्या प्रवेशासाठी धडपडत होती. जात पडताळणीची फाईल करायची होती. आजोबांचा शाळेचा उतारा, चुलत्यांचे कागद, वंशावळ, सगळं आपल्याच एका केंद्रावर स्कॅन करून सर्व्हरवर ठेवलेलं. मूळ कागदांतले काही अवकाळी पावसात पालावर भिजून गेले होते, त्यामुळे स्कॅन हाच आधार. दुसऱ्या दिवशी कागदाच्या संचाबरोबर तेच सगळं सीडीवरही न्यायचं होतं. केंद्रावरच्या ताईंनी बसून सगळं एका फोल्डरमध्ये लावलं, आणि संध्याकाळी सहा वाजता संगणकानं सीडी करायला नकार दिला. अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते पुण्याला प्रशिक्षणाला गेलेले, फोन बंद. मग काय झालं असेल? जे कुणीही केलं असतं तेच. ताईंनी सगळी फाईल स्टँडजवळच्या एका कॅफेवाल्याच्या मेलवर पाठवली, त्यानं सीडी करून दिली, मुलगी वेळेत पोचली.

मुलीचं काम झालं, म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकला. पण तिच्या घरातल्या अकरा माणसांची नावं, जन्मतारखा, आधार, आजोबांचा अंगठा, हे सगळं आज त्या कॅफेच्या मेलमध्ये पडून आहे. आपण दार बंद केलं ते माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. दार इतकं घट्ट बंद केलं की माणसं खिडकीतून गेली, आणि खिडकीवर आपला पहारा नव्हता. मला त्या ताईंबद्दल काहीही तक्रार नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या एका केंद्रावर याच्या उलट. तिथं कुणाचंच काम अडत नव्हतं, म्हणून मला संशय आला. कीबोर्ड उलटा केला तर खाली चिकटपट्टीनं अ‍ॅडमिनचा पासवर्ड लावलेला. सातवीतल्या पोरांनाही तो पाठ होता. गेम टाकलेले, अँटिव्हायरस बंद केलेला, आणि ज्या फोल्डरमध्ये एका अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचे कागद होते तो कुणालाही उघडेल असा. सीडी करता यावी म्हणून सगळ्या घराची किल्ली वाटून टाकलेली.

मर्यादित लॉगिन आणि अ‍ॅडमिन, या दोनच गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो म्हणून हे होतं. तिसरी वाट असते. ज्याला जेवढं काम, त्याला तेवढीच परवानगी, एक इंच कमी नाही, एक इंच जास्त नाही. संगणकाच्या दुनियेत हा विचार जुना आहे. 1975 साली जेरोम साल्ट्झर आणि मायकल श्रोडर या दोन अमेरिकी संशोधकांनी तो व्यवस्थित मांडला. आपल्याकडे तो त्याहून जुना आहे. कोठाराच्या कारभाऱ्याकडे कोठाराची किल्ली असते, तिजोरीची नसते, आणि त्यात त्याचा अपमान आहे असं कुणी मानत नाही.

अपमानाचा मुद्दा मात्र मी मुद्दाम काढते, कारण पारधी वस्तीवरच्या एका दादांनी मला तो तोंडावर विचारला होता. ‘ताई, इथंही आम्हाला परवानगी नाहीच का?’ प्रश्न विनोदानं विचारला, पण तो नुसता विनोद नव्हता. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा, पुढं 1924 चा, आणि 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द होईपर्यंत या कायद्याखाली नोंदलेल्या माणसांना हजेरी द्यावी लागायची, गाव सोडायचं तर पास काढावा लागायचा. ज्यांच्या आजोबांनी पास दाखवत आयुष्य काढलं, त्यांना ‘तुम्हाला परवानगी नाही’ ही पडद्यावरची ओळ आपल्यासारखी दिसत नाही. त्यामुळे कुठली मर्यादा का घातली आहे हे माणसाला समजावून सांगता आलं पाहिजे. जी मर्यादा समजावून सांगता येत नाही, ती बहुतेक वेळा कुणीतरी आळसानं लावलेली असते.

आता कागदांकडे येते. काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार तुम्हाला माहीत आहे. बैल घेतला, शेळी घेतली, की पहिल्यांदा माणूस पावती खिशात घालतो, मग दावं हातात घेतो. पावती नसेल तर जनावर तुमचं असूनही तुमचं नाही, आणि माणूस पारधी असेल तर रस्त्यात कुठंही अडवला जाणार. दाखल्यांचं तसंच आहे. (दाखला म्हटलं की आपल्या ख्रिस्ती मंडळींना प्रभूचे दाखले आठवतात. वस्तीवरच्या माणसाला तहसील आठवतं.) अनुसूचित जमातीच्या पडताळणीत 6 सप्टेंबर 1950 या तारखेला आणि त्याआधीच्या पुराव्याला फार वजन आहे, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी ती तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे. पालं पाठीवर घेऊन फिरणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाकडे 1950 च्या आधीचा कागद कुठून येणार? तो येतो तो कोतवाल बुकातून, म्हणजे गाव नमुना 14 मधून, किंवा एखाद्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधून. आपल्या जिल्ह्यात जुन्या मिशन शाळा आहेत, त्यांची रजिस्टरं आहेत. बऱ्याच नोंदी मोडीत आहेत, वाचायला जाणकार लागतो. असा एक उतारा मिळाला की त्यावर एका माणसाचं नाही, सगळ्या भावकीचं काम होतं. म्हणून त्याची प्रत एकाच ठिकाणी असून चालत नाही.

प्रतींचं महत्त्व मी तुम्हाला काय सांगावं! फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापलं, पुढं 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापलं. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ राहिला कसा? घराघरांत लोकांनी हातानं नकला उतरवल्या होत्या. त्या नकलांवरून 1907 मध्ये मंगळुरात तो पुन्हा छापला. नकला करणाऱ्या त्या लोकांना कुणी परवानगीचं पत्र दिलं नव्हतं, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते.

तर संगणक साध्या लॉगिनला डिस्क का करू देत नाही? प्रिंट काढणं आणि डिस्क राईट करणं यात फरक आहे. डिस्क करताना प्रोग्रॅम रायटरशी थेट बोलतो. लेझर किती जोरात, किती वेगानं, कुठून सुरुवात, कुठं शेवट, हे सगळं थेट हुकूम. यंत्राशी थेट बोलायची मुभा कुणालाही द्यायची नाही, ती अ‍ॅडमिनलाच, असं जुन्या व्यवस्थेचं धोरण होतं. 2001 मध्ये विंडोज एक्सपी आलं त्या काळात सीडीसाठी बहुतेक ठिकाणी नीरो नावाचा जर्मन प्रोग्रॅम असायचा. साध्या लॉगिननं नीरो उघडलं की त्याला रायटर दिसायचाच नाही, आणि लोक वैतागून सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाकायचे. तेव्हा त्याच कंपनीनं नीरो बर्नराइट्स नावाची छोटी सोय दिली. अ‍ॅडमिननं ती एकदा चालवायची, आणि सगळ्यांना किंवा ठराविक गटाला फक्त डिस्क राईट करायची मुभा द्यायची. बाकी लॉगिन होतं तसंच मर्यादित. मला अजून वाटतं की त्या छोट्या खिडकीनं लोकांना जेवढं शिकवलं तेवढं मोठ्या पुस्तकांनी शिकवलं नसेल.

एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 ला संपला. तरी आपल्याकडे दोन केंद्रांवर ते अजून चालू आहे, त्यांनी ते यंत्र नेटवर्कमधून आधी काढावं, मग माझ्याशी बोलावं. त्यानंतरच्या विंडोजमध्ये, व्हिस्टापासून पुढं, डिस्क राईट करायची आतलीच सोय साध्या लॉगिनलाही चालते. म्हणजे आज जर ती अडत असेल तर ती कुणीतरी अडवलेली आहे, आणि ती अडवणूक बहुतेक सर्व्हरवरून येते.

सर्व्हरवर ग्रुप पॉलिसी म्हणून नियमांची वही असते. त्यात रिमूव्हेबल स्टोरेज अ‍ॅक्सेस नावाचं पान आहे. त्या पानावर सरसकट बंदीचा एक नियम आहे, आणि तो लावला की बाकी कुठल्याही बारीक परवानगीला अर्थ उरत नाही. तोच आपल्याकडे लागलेला आहे. तो काढायचा, आणि त्याऐवजी पेन ड्राईव्हसारख्या साधनांवरची बंदी वेगळी लावायची. ती राहणार आहे, त्याबद्दल कुणी आशा धरू नये. सीडी-डीव्हीडीसाठी लिहिण्याची बंदी म्हणून स्वतंत्र नियम आहे. तो यंत्राच्या बाजूनंही लावता येतो आणि माणसाच्या बाजूनंही. यंत्राच्या बाजूनं लावला तर त्या संगणकावर जो बसेल त्या सगळ्यांना लागतो. आपल्याला माणसाच्या बाजूनं हवा आहे, म्हणजे सर्वांना बंदी, आणि डिस्क करणाऱ्यांच्या एका लहान गटाला त्यातून सूट. प्रत्येक केंद्रावर त्या गटात दोन माणसं. एक नको, कारण तो एक माणूस नेमका पुण्याला जातो.

आणखी एक नियम आहे, त्यानं विंडोजमधलं डिस्क राईट करायचं बटणच दिसेनासं होतं. काही जण तेवढ्यावर समाधान मानतात. पण बटण लपलं म्हणजे कुलूप लागलं असं होत नाही. वेगळा प्रोग्रॅम टाकलेला असेल तर तो खुशाल डिस्क करतो. आपल्या गटाला हे बटण दिसलं पाहिजे, म्हणून तो नियमही त्यांच्यापुरता काढावा लागतो. नियम बरोबर असूनही डिस्क आत-बाहेर होत नसेल तर सुरक्षेच्या पानावर, साधन फॉरमॅट करायची आणि बाहेर काढायची मुभा फक्त अ‍ॅडमिनला ठेवली आहे का, ते पाहायचं.

इथं हुशार मुलांसाठी एक सूचना. तुमच्यापैकी काहींनी समोरच्या यंत्रावर बसून नियम बदलायचा प्रयत्न केला, आणि ‘दुपारी चालत होतं, संध्याकाळी बंद पडलं’ असं मला सांगितलं. यंत्र बिघडलेलं नाही. जोडलेला संगणक साधारण दीड ते दोन तासांनी सर्व्हरकडून नियम पुन्हा आणतो आणि तुमचा बदल पुसून टाकतो. बदल सर्व्हरवरच करावा लागतो. तसंच दुसऱ्या गावाहून रिमोटनं लॉगिन होऊन डिस्क करायचा नाद सोडा. जो माणूस यंत्रासमोर बसला आहे त्यालाच ही मुभा, असं धोरण बरं. ज्या केंद्रांवर उबुंटू आहे त्यांना फारसं काही करायचं नाही. समोर बसलेल्या माणसाला ते बहुधा अडवत नाही, आणि अडवलंच तर त्याचं लॉगिन सीडीरॉम नावाच्या गटात घालायचं. नवीन लॅपटॉपला रायटरच नसतो. त्यासाठी बाहेरून जोडायचा एक रायटर केंद्राच्या कपाटात ठेवला की पुरे.

पण परवानगी लॉगिनला द्यायची आणि मग एकाच लॉगिनवर सहा जणांनी बसायचं, हे चालणार नाही. याचं पहिलं कारण गोपनीयता. डिस्कसाठी फाईल ओढून टाकली की ती आधी त्या लॉगिनच्या एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये जमा होते आणि डिस्क होईपर्यंत तिथंच बसते. एका ताईंनी फाईल टाकल्या, रिकामी डिस्क नव्हती म्हणून उठल्या. पुढचा माणूस त्याच लॉगिननं बसला, त्यानं आपल्या दोन फाईल टाकल्या आणि डिस्क केली, तर त्याच्या डिस्कवर आधीच्या बाईचे कागदही जातात. आपल्याकडे लहान मुलांचे, आजारी माणसांचे, पोलीस तक्रारींचे कागद असतात. हे परवडणार नाही.

दुसरं कारण कायद्याचं, आणि त्यावर थोडं थांबते, कारण इथं आपल्या महाराष्ट्रातलाच दाखला आहे. जालना. 2014 ची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल आणि एक मतदार न्यायालयात गेले. म्हणणं असं की 27 सप्टेंबरला दुपारी तीनची वेळ टळून गेल्यावर उमेदवारी अर्ज घेतला गेला. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं आणि बाहेरचं व्हिडिओ चित्रण. त्याच्या सीडी मिळाल्या. पण संगणकावरून तयार केलेली सीडी न्यायालयात दाखल करायची तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब खाली एक प्रमाणपत्र लागायचं. ते यंत्र ज्याच्या ताब्यात त्यानं लिहून द्यायचं, की ही प्रत अशी तयार झाली, यंत्र नीट चालत होतं. ते प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अधिकाऱ्यांची तोंडी साक्ष त्या जागी धरून निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 14 जुलै 2020 ला तिथं सांगितलं गेलं की प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र ज्यानं प्रमाणपत्रासाठी शक्य ते सगळं केलं आणि समोरच्यानं ते दिलंच नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. त्याआधी 2014 मध्ये केरळातल्या एका निवडणूक खटल्यात प्रचाराच्या गाण्यांच्या आणि भाषणांच्या सीडी प्रमाणपत्र नाही म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या होत्या.

आपला काय संबंध? समजा, एखाद्या वस्तीवरची पालं कुणी उचकटली, पोरांनी मोबाईलवर चित्रण केलं, आणि ते आपल्या केंद्रावर उतरवून डिस्क केली. उद्या खटला उभा राहिला की प्रमाणपत्र आपल्याकडे मागतील. 1 जुलै 2024 पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आहे, त्याचं कलम 63. प्रमाणपत्राचा नमुना कायद्यातच दिला आहे. त्याचा एक भाग पक्षकारानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं, आणि फाईलचा हॅश, म्हणजे फाईलच्या बोटांचा ठसाच म्हणा, तोही लिहायचा. एक अक्षर बदललं तरी हा ठसा बदलतो. आता ज्या केंद्रावर सगळे एकाच अ‍ॅडमिन पासवर्डनं बसतात, तिथल्या सिस्टरांनी कुठल्या तोंडानं लिहून द्यायचं की ही डिस्क कुणी केली आणि मधे कुणी हात लावला नाही? समोरचा वकील दोन प्रश्न विचारेल आणि वस्तीचा खटला तिथंच लंगडा होईल. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, त्यातल्या दोघांनाच डिस्क करायची मुभा, आणि शेजारी नोंदवही, एवढं असेल तर सही करताना हात थरथरत नाही. आणि हो, मूळ मोबाईल जपून ठेवा. मूळ यंत्र त्याच्या मालकासह न्यायालयात हजर झालं तर प्रमाणपत्राचा प्रश्नच येत नाही. डिस्क झाली म्हणून मोबाईलमधलं पुसून टाकू नका.

पडताळणीच्या कामाला एवढा हॅशबिश लागत नाही, घाबरू नका. तिथं मुख्य काम कागदच करतो, साक्षांकित प्रत हवीच.

डिस्क करायची रीत थोडक्यात. आधी फाईल सर्व्हरवरून समोरच्या संगणकावर उतरवून घ्या, मग डिस्क करा. नेटवर्क मधेच मंद झालं तर डिस्क वाया जाण्याची भीती असते. नव्या रायटरना त्यावर उपाय आहे, पण आपले सगळे रायटर नवे नाहीत. विंडोज विचारतं की डिस्क पेन ड्राईव्हसारखी वापरायची की प्लेअरमध्ये चालेल अशी. दुसरा पर्याय घ्या, म्हणजे ती कुठल्याही कार्यालयातल्या जुन्या यंत्रावर उघडते. आर डब्ल्यू लिहिलेली पुसता येणारी डिस्क कागदपत्रांसाठी वापरू नका. वेग कमी ठेवा. झाल्यावर दुसऱ्या संगणकात घालून प्रत्येक फाईल उघडून बघा. सीडीत 700 एमबी मावतात, डीव्हीडीत 4.7 जीबी, एका कुटुंबाच्या कागदांना सीडी बास होते. वर बॉलपेननं नाव कोरू नका, डिस्कसाठीचा मऊ मार्कर मिळतो. आणि ही डिस्क आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवली तर फार दिवस टिकणार नाही, म्हणून एक कुटुंबाला, एक केंद्राच्या कपाटात.

कुटुंबाला डिस्क देऊन उपयोग काय, पालावर संगणक कुठं आहे, असं सिस्टरांनी मघाशी विचारलं. प्रश्न रास्त आहे. डिस्कबरोबर छापील संच द्यायचाच, प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत. डिस्क वाचण्यासाठी नाही, पुन्हा छापण्यासाठी आहे. कुटुंब उद्या ऊसतोडीला दूर गेलं, तिथं पोराला शाळेत घालायचं झालं, तर आपल्या केंद्राला फोन न करता, आपली वाट न बघता त्यांना आपला कागद काढता आला पाहिजे. त्यांचे कागद आपल्या सर्व्हरवर आहेत, म्हणून ते आपले होत नाहीत. मोबाईल असेल त्यांनी डिजिलॉकरमध्येही ठेवावेत, फक्त आपण स्वतः चढवलेला स्कॅन आणि कार्यालयानं तिथं दिलेला दाखला यांची किंमत सारखी नसते, हे सांगून ठेवा.

नोंदवहीत चारच रकाने आखा. तारीख, डिस्क कुणी केली, कुणासाठी, आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. घेणारा अठराच्या आतला असेल तर आई-बापाचा. कुणी दुसऱ्याच्या फाईलची डिस्क मागितली, मग तो गावचा पुढारी असो की आपलाच कुणी, तर ज्याचे कागद त्याला बोलवा, त्याच्या समोर करा.

गटात कुणाला घ्यायचं हे केंद्रांनी ठरवायचं आहे. माझं मत विचाराल तर दोघांतलं एक माणूस वस्तीवरचं असावं. बारावी झालेली पारधी आणि भिल्ल मुलंमुली आता आपल्याकडे आहेत, हात चांगला बसलेला आहे. जे नाव द्याल त्याचं आधी स्वतःचं लॉगिन आहे का बघा, नसेल तर मी आज करून देते. सर्व्हरचा सरसकट नियम आज दुपारी काढते. तुमच्या केंद्रावर तो पोचायला दोन तास धरा, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर एक रिकामी डिस्क घालून बघा. चालली नाही तर पडद्यावर काय लिहून आलं ते जसंच्या तसं कागदावर उतरवून मला सांगा. नुसतं ‘होत नाही’ म्हणू नका.